आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ऑफ-रोड गाडीला बेल्ट ड्राइव्ह बसवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा एकाच तऱ्हेच्या गाडीबद्दल येतात: १/१० मापाची, चारही चाकं ओढणारी, मधोमध शाफ्ट (फिरता दांडा) असलेली, ५४० आकाराची ब्रशलेस मोटर आणि २एस (दोन सेलची, ७.४ व्होल्टची) लायपो बॅटरी. उत्तरंही तीच गाडी समोर ठेवून दिली आहेत. मोठ्या गाड्यांबद्दल थोडं खाली आहे.

बेल्ट लावून नेमकं मिळतं काय? गाडी जास्त पळते का?

नाही. वेग मोटर, बॅटरी आणि गिअरच्या गुणोत्तरावर ठरतो. गुणोत्तर तेच ठेवलं तर टॉप स्पीड जवळपास तेवढाच राहतो. मिळतात त्या तीन गोष्टी. आवाज खूप कमी होतो. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला लागलेला मोठा गिअर) यांच्यात कागदाची पट्टी घालून मेश, म्हणजे दातांमधली फट, जुळवण्याची कटकट संपते, आणि एक खडा अडकून स्परचे दात सोलले जाण्याचा प्रकारही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटते: मोटर हवी तिथं सरकवता येते. गिअरमध्ये मोटर आणि स्पर यांचं अंतर दात ठरवतात, बेल्टमध्ये ते तुम्ही ठरवता. मोटर दोन-अडीच सेंटीमीटर सरकवली की उडीनंतर गाडी कशी उतरते यात फरक पडतो.

पण भाऊ, बेल्ट तर रस्त्यावरच्या गाड्यांचं काम ना? ऑफ-रोडला टिकते काय?

टिकतो, आणि हे काही नवीन नाही. १९८५च्या क्योशो कंपनीच्या ऑप्टिमा गाडीला साखळी होती. शूमाकर कंपनीच्या कॅट गाडीनं बेल्ट वापरला, आणि १९८७ साली जपानच्या मासामी हिरोसाकानं कॅट चालवूनच फोर व्हील ड्राइव्ह ऑफ-रोडचं जागतिक विजेतेपद घेतलं. पुढं शाफ्टवाल्या गाड्याही जोरात आल्या, कारण शाफ्ट झाकणं सोपं असतं. बेल्टची खरी अडचण हीच आहे. बेल्ट ताकदीला कमी पडत नाही, तो घाणीला बळी पडतो. पुढची निम्मी उत्तरं याच मुद्द्यावर फिरतात.

पूर्ण गाडी बेल्टवर न्यायची की मोटरपासून स्परपर्यंतच?

पहिल्यांदा करत असाल तर फक्त पहिला टप्पा. म्हणजे पिनियनच्या जागी छोटी पुली, स्परच्या जागी मोठी पुली, मध्ये बेल्ट. मधला शाफ्ट, दोन्ही डिफ (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे डिफरेन्शियल), गिअरबॉक्स यांना हात लावायचा नाही.

पूर्ण बेल्ट म्हणजे काय ते नीट समजून घ्या. शाफ्टवाल्या गाडीत शाफ्ट लांबीच्या दिशेनं फिरतो आणि डिफजवळ बेव्हल गिअर ती फिरकी नव्वद अंशांत वळवतात. बेल्टला असं वळता येत नाही, त्याच्या सगळ्या पुल्यांचे अक्ष समांतर लागतात. म्हणजे मोटर आडवी, मधला लेशाफ्ट (फिरकी पुढं-मागं वाटणारा दांडा) आडवा, डिफच्या रिंग गिअरच्या जागी पुली, आणि दोन्हीकडच्या गिअरबॉक्सची पेटी नव्यानं बनवायची. पुढच्या आणि मागच्या बेल्टचं गुणोत्तर अगदी सारखं हवं. एका दाताचा फरक राहिला तरी पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात आणि सगळा ताण बेल्टवर येतो. पुढं जाणारा लांब बेल्ट फडफडतो, त्याला मध्ये आयडलर (नुसतं टेकून फिरणारं चाक) लागतो, आणि नेमका तिथंच तुमचा बॅटरी ट्रे असतो. एवढं करायची हौस असेल तर बेल्टवाल्या जुन्या टूरिंग (रस्त्यावरच्या) गाडीचे डिफ मिळवा आणि त्याभोवती चासी कापा. शाफ्टवाली गाडी वाकवून तिथं पोचण्यापेक्षा तो रस्ता जवळचा आहे.

कोणता बेल्ट घ्यावा? दुकानदार मापं विचारतो तेव्हा काय सांगू?

तीन गोष्टी सांगायच्या: पिच, दात, रुंदी. पिच म्हणजे एका दाताच्या मध्यापासून पुढच्या दाताच्या मध्यापर्यंतचं अंतर.

छोट्या बेल्टचे दोन प्रकार नेहमी भेटतात: एमएक्सएलचा पिच २.०३२ मिमी आणि जीटी२चा २ मिमी. हातात धरले तर दोन्ही सारखेच दिसतात, आणि घोळ इथंच होतो. दहा-बारा दातांपर्यंत ते एकमेकांच्या पुलीत बसल्यासारखे वाटतात, पण शंभर दातांवर फरक ३.२ मिमीचा होतो. शिवाय दाताचा आकारही वेगळा: एमएक्सएलचा समलंब, जीटी२चा गोलसर. गोलसर दात पुलीत खोल बसतो आणि झटक्यात उडी मारत नाही. जुन्या प्रिंटर-झेरॉक्समधून काढलेले बेल्ट बऱ्याचदा एमएक्सएल निघतात, तेव्हा भंगारातला बेल्ट आणि नवी जीटी२ पुली अशी जोडी जमवू नका.

आपल्या गाडीच्या पहिल्या टप्प्याला जीटी२, ९ किंवा १० मिमी रुंद. ३एस लावणार असाल तर सरळ ३ मिमी पिचचा एचटीडी (हाही गोलसर दातांचाच प्रकार).

थ्रीडी प्रिंटरचा मीटरवर मिळणारा बेल्ट कापून जोडला तर?

चालणार नाही. प्रिंटरमध्ये त्याची दोन टोकं कॅरेजला घट्ट धरलेली असतात, तो पूर्ण गोल फिरत नाही. चिकटवलेला सांधा पुलीवरून मिनिटाला हजारो वेळा वाकला की सुटतो. कारखान्यातून गोल आलेला, बिनसांध्याचा बेल्टच घ्या. त्यात ठराविक लांब्याच मिळतात, म्हणून आधी बेल्ट निवडायचा आणि मग मोटरची जागा. उलटं केलं की फसलात.

लांबीचं गणित कसं करायचं?

पुलीचा पिच व्यास म्हणजे दात गुणिले पिच, भागिले ३.१४. त्यावरून:

बेल्टची लांबी = दोन केंद्रांतल्या अंतराची दुप्पट + दोन्ही व्यासांच्या बेरजेचं १.५७ पट + व्यासांतल्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट.

एक उदाहरण सोडवूनच दाखवतो. मोटरवर २० दात, स्परच्या जागी ६० दात, जीटी२. गुणोत्तर ३. व्यास आले १२.७३ आणि ३८.२० मिमी. २०० मिमीचा, म्हणजे १०० दातांचा बेल्ट घेतला तर केंद्रांतलं अंतर येतं ५८.६ मिमी. आता मोटरवर १६ दातांची पुली लावा. गुणोत्तर ३.७५ होतं आणि तोच बेल्ट आता ६०.४ मिमी अंतर मागतो. म्हणजे पुली बदलताना मोटर पावणेदोन-दोन मिमी सरकली पाहिजे. म्हणून मोटर माउंटला गोल भोकं पाडू नका, खाचा ठेवा. निदान ५ मिमी लांब, कारण बेल्ट चढवायलाही थोडी ढील लागते.

आणखी एक तपासणी. छोट्या पुलीवर एका वेळी निदान सहा दात पकडीत हवेत. वरच्या उदाहरणात २० दातांच्या पुलीवर आठ-साडेआठ येतात, निवांत. १६ दातांवर पावणेसात, म्हणजे काठावर. त्याखाली जाऊच नका. गुणोत्तर आणखी हवं असेल तर मोठी पुली मोठी करा.

एवढासा बेल्ट मोटरचा झटका सोसेल का?

आकडे मांडून बघू. ३३०० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे मारणारी) मोटर एका अँपिअरला सुमारे ०.००२९ न्यूटन-मीटर पीळ देते. थांबलेल्या गाडीला पूर्ण थ्रॉटल दिला आणि क्षणभर १०० अँपिअर ओढले, तर पीळ ०.२९ न्यूटन-मीटर. २० दातांच्या जीटी२ पुलीची त्रिज्या ६.४ मिमी. म्हणजे बेल्टवर सुमारे ४५ न्यूटन, साडेचार किलो लटकवल्याइतका ताण. ६ मिमी रुंदीचा जीटी२ इथं दमतो, १० मिमीचा पुरतो. छोटी पुली आणखी छोटी केली तर त्रिज्या घटते आणि ताण वाढतो, हे लक्षात असू द्या.

वेगाची काळजी नको. ७.४ व्होल्टवर ही मोटर मिनिटाला चोवीस हजार फेरे मारते, बेल्ट सेकंदाला सोळा मीटर धावतो. त्याला ते झेपतं.

झटका खऱ्या अर्थानं पितो तो स्लिपर, म्हणजे स्परवरचा जोर जास्त झाला की घसरणारा क्लच. स्लिपर काढून पुली थेट शाफ्टवर ठोकणारे लोक भेटतात. उडीवरून फिरत्या चाकांनी उतरले की पहिल्यांदा बेल्टचे दात जातात. स्लिपर ठेवाच, आणि ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये) पंच, म्हणजे सुरुवातीच्या झटक्याचं सेटिंग, एक-दोन पायऱ्या खाली घ्या.

पुली नागपुरात कुठं मिळेल? लेथवाला करून देईल का?

जीटी२च्या छोट्या पुल्या आता थ्रीडी प्रिंटरमुळे सहज मिळतात, सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन. मात्र भोक बघून घ्या. प्रिंटरची पुली बहुधा ५ मिमी भोकाची असते, ५४० मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमी. बुश घालून भोक लहान करण्याच्या भानगडीत पडू नका, केसभर तिरकं बसलं तरी चोवीस हजार फेऱ्यांवर गाडी थरथरते. ३.१७ भोकाचीच पुली शोधा.

लेथवाल्याकडे नुसतं ‘दात पाडून द्या’ म्हणून जाऊ नका. दात लेथवर पडत नाहीत. त्याला मिलिंग मशीन, डिव्हायडिंग हेड आणि त्या पिचचा नेमका कटर लागतो. हिंगणा एमआयडीसीत असं काम करणारे आहेत, पण एका पुलीसाठी कुणी सेटिंग लावत नाही आणि लावलं तर पैसे तसेच लावतो. दात असलेली पुली विकत घ्या आणि लेथवाल्याकडून फक्त हब, बोअर आणि स्लिपर प्लेटची भोकं करून घ्या. तेवढं काम तो चहा संपेपर्यंत करून देतो. सोबत जुना स्पर न्या, भोकांचं वर्तुळ त्यावरून तो स्वतःच मोजून घेईल.

मोठी पुली घरच्या प्रिंटरवर काढली तर?

६० दातांची निघते आणि चालते. पण पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये नको. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ असतं. बंद कारच्या डिकीत ठेवलेली पीएलएची पुली मैदानावर पोचेपर्यंत अंडाकृती होऊ शकते. पीईटीजी बरं, एबीएस किंवा नायलॉन त्याहून बरं.

स्लिपरचे पॅड थेट प्लास्टिकवर घासू देऊ नका. स्लिपर घसरतो म्हणजे तो उष्णता तयार करतो, आणि प्रिंट केलेला पृष्ठभाग चकचकीत होऊन वितळतो. दोन्ही बाजूंना पातळ ॲल्युमिनियमची चकती लावा आणि पॅड तिच्यावर बसवा.

बेल्ट लावला आणि गाडी उलटी पळून राहिली! काय झालं?

काही बिघडलं नाही. दोन गिअर एकमेकांना उलटे फिरवतात, बेल्ट दोन्ही पुल्या एकाच दिशेनं फिरवतो. मोटर सेन्सरलेस असेल तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. सेन्सर असलेल्या मोटरला हे करू नका, तिथं ए-बी-सी क्रम जुळलेलाच लागतो. ईएससीच्या प्रोग्रॅममधून मोटरची दिशा बदला.

रिमोटवर थ्रॉटल रिव्हर्स करणं हा उपाय नाही. त्यानं तुमचं ‘पुढं’ हे ईएससीच्या लेखी ‘मागं’ होतं. बहुतेक ईएससी मागं जाताना ताकद कापतात आणि आधी ब्रेक लावतात.

स्प्रिंगचा टेन्शनर लावू का?

नको. कारच्या इंजिनात टेन्शनर बेल्टच्या ढिल्या बाजूला असतो आणि ती बाजू कायम ढिलीच राहते, कारण ओढ एकाच दिशेनं असते. आपल्या गाडीत थ्रॉटल दिला की एक बाजू ताणते, ब्रेक मारला की दुसरी. म्हणजे ब्रेकच्या क्षणी स्प्रिंगवर सगळी ओढ येते, स्प्रिंग दबते, उरलेली बाजू सैल पडते आणि छोट्या पुलीवर बेल्ट कर्रर्र करून उड्या मारतो. तुमची गाडी फक्त ब्रेकला असा आवाज करत असेल तर कारण बहुधा हेच.

खाचेत मोटर सरकवून ताण द्यायचा आणि स्क्रू घट्ट करायचे, बस. आयडलर लागलाच तर तोही खाचेत पक्का बसणारा, आणि बेल्टच्या पाठीवर टेकणार असेल तर छोट्या पुलीपेक्षा मोठ्या व्यासाचा.

ताण किती द्यायचा?

५८-६० मिमी अंतर असेल तर मोकळ्या भागाच्या मध्यावर बोटानं हलकं दाबल्यावर साधारण एक मिलिमीटर दबावा. ही सुरुवात झाली. मग चाकं घट्ट धरून मोटरची पुली हातानं दोन्ही दिशांना पिळा; बेल्टनं दात चढायचा प्रयत्न करता कामा नये. चढला तर किंचित ताणा.

जास्त ताणणारे लोक ढिलं ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त भेटतात. बेल्ट मोटरच्या शाफ्टला सतत एका बाजूला ओढत असतो, ताण वाढवला की मोटरचं पुढचं बेअरिंग लवकर जातं. यासाठीच पुली मोटरच्या तोंडाजवळ बसवा, शाफ्टच्या टोकाला नाही. ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टच्या चपट्या भागावर आणि त्याला निळा थ्रेडलॉक. थ्रेडलॉक एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटवर सांडू देऊ नका, प्लास्टिक तडकतं.

नवा बेल्ट पहिल्या एक-दोन बॅटऱ्यांत बसतो, तेव्हा पुन्हा एकदा तपासा.

माती आणि मुरमाचं काय करायचं?

बेल्ट कितीही चांगला घ्या, त्याला झाकणारा डबा नीट नसेल तर सगळं वाया. आणि आपल्याकडच्या जमिनीला एकच डबा पुरत नाही. दख्खनच्या बेसॉल्टची पूर्वेकडची कड नागपूरजवळच संपते, त्यामुळे एकाच शहरात काळी चिकट मातीही लागते, मुरूमही लागतो आणि कन्हानच्या बाजूला गेलात तर वाळूही.

मुरमाचा खडा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये सापडला की बेल्टला अचानक तेवढी जाडी गिळावी लागते. आतल्या काचेच्या दोऱ्या तुटतात किंवा बेल्ट फेकला जातो. यासाठी डब्यात कुठंही दोन मिलिमीटरपेक्षा मोठी फट नको. काळ्या मातीची चाल वेगळी आहे. ती ओली असताना दातांच्या खोबणीत भरते आणि उन्हात तिथंच कडक होते. बेल्ट तळाला न टेकता त्या मातीवर बसतो, पुलीचा व्यास वाढल्यासारखं होतं आणि कालपर्यंत बरोबर असलेला ताण आज तारेसारखा कडक लागतो. वरून काही दिसत नाही. डबा उघडून दाढीच्या ब्रशनं किंवा जुन्या टूथब्रशनं खोबण्या मोकळ्या केल्या की ताण परत जागेवर येतो. माती ओली असताना खरवडू नका, आणखी आत बसते; सुकू द्या, मग ढेकळं आपोआप सुटतात. वाळू हळूहळू मारते. ती ॲल्युमिनियमचे दात घासून धारदार करते आणि ती धार बेल्ट कापते.

डबा कसा करायचा? पाठची बाजू मोटर माउंटचीच, ३ मिमी ॲल्युमिनियम. झाकण प्रिंट केलेलं, किंवा फुटलेल्या बॉडीशेलच्या पॉलिकार्बोनेटमधून कापलेलं. कडेनं दारा-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी. शाफ्ट बाहेर पडतो तिथं फेल्टची चकती. मोटर डब्याबाहेर, फक्त तिचा शाफ्ट आत. झाकण चार स्क्रूंपेक्षा जास्त स्क्रूंवर बसवू नका, नाहीतर आळसानं तुम्ही ते उघडणारच नाही.

पावसाळ्यात, विशेषतः जुलैत, काळ्या मातीवर बेल्टची गाडी नेऊच नये असं माझं मत आहे. शाफ्टवाली न्या.

बेल्टला तेल, ग्रीस, मेण?

काहीही नाही. कोरडा ब्रश.

बेल्ट तुटला. का तुटला ते कसं ओळखायचं?

तुटलेला बेल्ट फेकण्याआधी उजेडात धरा. एका जागचे तीन-चार दात मुळापासून उपटले असतील तर झटका: स्लिपर फार आवळलेला किंवा बेल्ट अरुंद. सगळेच दात टोकाला गोल झाले असतील तर तो ढिला होता आणि बरेच दिवस उड्या मारत होता. एकच कड झिजून दोरे बाहेर आले असतील तर पुल्या एका रेषेत नाहीत. दोन्ही पुल्यांच्या तोंडाला स्टीलची पट्टी टेकवून बघा. आणि सुरीनं कापल्यासारखा सरळ आडवा तुटला असेल तर खडा, नाहीतर बसवण्याआधीच कुठंतरी घडी पडलेली. काचेच्या दोऱ्यांचा बेल्ट एकदा जरी कडक दुमडला तरी आतून मोडतो आणि बाहेरून चांगला दिसतो. म्हणून सुटा बेल्ट रबर बँड घालून पाकिटात कोंबू नका, मोकळा गोल ठेवा.

नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) चालवली तर?

बेल्टला फार फरक पडत नाही, मोटरला पडतो. साध्या नियोडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. हवाच ४६ची असेल तर हिवाळ्यात ५० अंशांची जी मोकळीक मिळते ती ३४ अंशांवर येते. एक दात लहान पुली लावा, पाच-सात मिनिटांनी थांबून मोटर तपासा, लायपो उन्हात ठेवू नका. किंवा सकाळी सहाला या.

१/८ किंवा १/५ पेट्रोल गाडीला हेच चालेल?

तत्त्व तेच, मापं नाहीत. १/८ ला ५ मिमी शाफ्ट आणि ४एस-६एस असतात, तिथं जीटी२चा विचारही नको. ५ मिमी पिचचा एचटीडी, १५ मिमी रुंद. १/५ पेट्रोलला क्लच बेलच्या उष्णतेपासून बेल्ट दूर ठेवावा लागतो आणि इंधनाचे थेंब बेल्टच्या निओप्रीन रबराला फुगवतात, म्हणून पॉलियुरेथेनचा, आत स्टीलची दोरी असलेला बेल्ट बघा.

क्रॉलरला (दगडांवरून सावकाश चढणाऱ्या गाडीला)?

नको. तिथं वेग नसतो, पीळ प्रचंड असतो आणि गाडी दगडांतच राहते.

जुनं पिनियन-स्पर विकून टाकू का?

ठेवा. माउंट बनवताना चासीला नवी भोकं पाडू नका, कंपनीचीच स्क्रूची भोकं वापरा. मग पावसाळ्याआधी सहा-आठ स्क्रू काढून गाडी पुन्हा गिअरवर आणता येते. परत गिअरवर आलात की मोटरच्या त्या दोन वायरी तेवढ्या आठवणीनं जागेवर लावा.